कौशल्य नेमके कुठे अडते

देशाची आर्थिक वाढ मंदावली, किंवा कारखानदारी अपेक्षेइतकी फोफावली नाही, की त्याचे खापर हमखास शिक्षणावर आणि कामगारांच्या अकुशलतेवर फोडले जाते. आणि या म्हणण्याला आधार म्हणून जो आकडा वारंवार पुढे केला जातो, तो २०१५ च्या राष्ट्रीय कौशल्य विकास धोरणातला आहे. भारतातील एकूण श्रमिकांपैकी अवघ्या ४.६९ टक्क्यांनी औपचारिक कौशल्य प्रशिक्षण घेतलेले आहे, तर हेच प्रमाण अमेरिकेत ५२, जर्मनीत ७५, जपानमध्ये ८० आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के आहे, असे ते धोरण सांगते. या तुलनेतून निघणारा निष्कर्ष सरळ आहे: प्रशिक्षितांची संख्या वाढवावी, म्हणजे वाढीचा अडसर दूर होईल. पण मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावर एकापाठोपाठ एक येणारी उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरे या निष्कर्षाशी ताडून पाहिली, तर त्यातला सरळपणा फार काळ टिकत नाही, कारण कौशल्य आणि वाढ यांचे नाते या तिन्ही ठिकाणी वेगवेगळ्या तऱ्हेने जुळलेले, आणि वेगवेगळ्या जागी तुटलेले दिसते.

शिक्षण हा खर्च नसून गुंतवणूक आहे, हा विचार अर्थशास्त्रात रुजला तो विसाव्या शतकाच्या मध्यास. रॉबर्ट सोलो यांनी १९५७ मध्ये अमेरिकेच्या १९०९ ते १९४९ या काळाचा हिशेब मांडला, तेव्हा दर श्रमतासामागे जे उत्पादन दुप्पट झाले होते त्याचा फक्त आठवा भाग यंत्रे आणि इमारती यांसारख्या भांडवलाच्या वाढीने समजावता येत होता. उरलेले सात भाग कशामुळे, याचे उत्तर शोधताना थिओडोर शुल्ट्झ यांनी ‘मानवी भांडवल’ ही कल्पना पुढे आणली. माणसाच्या अंगी मुरलेले ज्ञान, सवयी, आरोग्य आणि कसब हेही यंत्राप्रमाणेच उत्पादन देते, आणि ते कमावण्यासाठी आधी पैसा व वेळ घालवावा लागतो, एवढाच तिचा गाभा आहे. युद्धात बेचिराख झालेले देश अपेक्षेपेक्षा कितीतरी लवकर सावरले, याचे कारण इमारती पडल्या तरी माणसांच्या अंगचे कसब शाबूत होते, असा शुल्ट्झ यांचा युक्तिवाद होता.

या युक्तिवादाला उल्हासनगरइतके चोख उदाहरण महाराष्ट्रात दुसरे सापडणे कठीण. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीच्या बराकींमध्ये फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना वसवण्यात आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून तिला नाव मिळाले. लष्करी हिशेबाने पडलेले कॅम्प एक ते पाच हे भाग आजही पत्त्यात तसेच राहिले आहेत, बराकींचे क्रमांकही पुष्कळ ठिकाणी टिकून आहेत. या लोकांची घरे, दुकाने आणि जमिनी सिंधमध्येच राहिल्या होत्या. सोबत आले होते ते आमिल घराण्यांचे सरकारी नोकरीतले शिक्षण आणि ‘भाईबंद’ या व्यापारी वर्गाचे हिशेब, उधारी, पतपेढी आणि परदेशापर्यंत पोहोचलेल्या ओळखींचे जाळे. पुढच्या काही दशकांत याच बराकींच्या आजूबाजूला पापड, मिठाई, फर्निचर आणि तयार कपडे यांचे बाजार उभे राहिले. कॅम्प दोनमधील गजानन मार्केट आणि नेहरू चौकाजवळचा फर्निचर बाजार यांच्याकडे मुंबई-ठाण्याबरोबरच राज्यभरातले किरकोळ दुकानदार मालासाठी येऊ लागले. भौतिक भांडवल जवळपास शून्य आणि मानवी भांडवल भरपूर असलेल्या समाजाचे काय होते, याचा हा प्रयोग कोणी मुद्दाम योजला नव्हता, तरी तो झाला.

अर्थात त्या प्रयोगाचा अर्थ लावताना घाई करता येत नाही. मुंबईसारखी बाजारपेठ लोकलच्या अंतरावर होती, १९५० च्या दशकात शहाडला सेंच्युरी रेयॉनचा कारखाना उभा राहिला होता, आणि आयातीवर कडक निर्बंध असलेल्या त्या काळात परदेशी दिसणाऱ्या वस्तूला देशात न भागणारी मागणी होती. ‘मेड इन यूएसए’ या शिक्क्याचा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन असा लावून जो विनोद पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो, त्यात टवाळी असली तरी अर्थशास्त्राच्या दृष्टीने एक गंभीर गोष्ट आहे: नक्कल करणे ही उद्योगाची पहिली शाळा असते. वस्तू उसवून, उलगडून, तशीच दुसरी करून पाहताना जे शिकले जाते ते कोणत्याही अभ्यासक्रमात नसते, आणि जपानपासून कोरियापर्यंतचे देशही आरंभी याच शाळेत बसलेले होते. प्रश्न त्या शाळेतून पुढच्या इयत्तेत जाण्याचा आहे.

शिक्षण आपोआप वाढ घडवते, या समजुतीला धक्का देणारा पुरावाही कमी नाही. लँट प्रिचेट यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात अनेक देशांचे आकडे तपासून दाखवले, की १९६० नंतरच्या पाव शतकात ज्या देशांत शालेय शिक्षण झपाट्याने वाढले, त्या देशांत दर कामगारामागचे उत्पादन त्या प्रमाणात वाढले असे दिसत नाही. आणि त्याची तीन संभाव्य कारणे त्यांनी मांडली. शिकलेली माणसे समाजाला उपयोगी नसलेल्या, पण त्यांना स्वतःला फायद्याच्या कामांत गुंतली असावीत, किंवा शाळेत गेलेली वर्षे आणि शिकलेली गोष्ट यांचा संबंध नसावा, किंवा शिकलेल्यांची मागणीच वाढली नसावी. भारतात तिसरे कारण डोळ्यांत भरते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशातील पदवीधर तरुणांतील बेरोजगारीचे प्रमाण २९.१ टक्के होते, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ते ३.४ टक्के होते. यावरून शिक्षणाने बेकारी येते असे कोणी म्हणणार नाही. निरक्षर माणसाला बेकार राहणे परवडत नाही, हे त्याचे अर्धे उत्तर आहे. पण उरलेले अर्धे उत्तर असे, की पदवीधराच्या पदवीला साजेशी कामे पुरेशी निर्माण झालेली नाहीत, आणि तेथे अकुशलतेला दोष देणे म्हणजे पेशंटच्या जागी डॉक्टरला औषध पाजणे होय.

बदलापूरकडे पाहिले की हे अर्धे उत्तर आकड्यांशिवायही दिसते. २००१ ते २०११ या दहा वर्षांत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या सुमारे ९८ हजारांवरून पावणेदोन लाखांच्या घरात गेली, त्याच काळात उल्हासनगर मात्र पावणेपाच लाखांवरून जेमतेम पाच लाखांच्या पुढे सरकले. बदलापुरात राहायला आलेला वर्ग बहुतांशी शिकलेला आहे, घराच्या कर्जाचे हप्ते भरणारा आहे आणि पहाटेपासून लोकलच्या दरवाजात उभा राहून ठाणे, मुंबई किंवा नवी मुंबई गाठणारा आहे. गावाला लागून औद्योगिक वसाहत आहे, बारवी धरणाचे पाणी त्याच परिसरातून उद्योगांना जाते, तरीही गावातले मानवी भांडवल सकाळी निर्यात होते आणि रात्री झोपण्यापुरते परत येते. कौशल्य जिथे राहते तिथेच वाढ होते, असा कोणताही नियम नाही. ते जिथे वापरले जाते तिथे वाढ होते, आणि वापरण्याची सोय करणे हे शाळेचे काम नव्हे.

आता मूळ आकड्याकडे, ४.६९ टक्क्यांकडे, वळायला हरकत नाही. उल्हासनगरातील जीन्स शिवणाऱ्या एखाद्या गाळ्यातला कटिंग मास्टर या आकड्यात बसत नाही. लांब टेबलावर डेनिमचे थर एकावर एक अंथरून, ज्याला धंद्यात ‘ले टाकणे’ म्हणतात, वरच्या थरावर पॅटर्न ठेवून तो खडूने मार्किंग करतो, आणि तुकडे अशा बेताने बसवतो की दोन पॅटर्नमधली चिंधी शक्य तितकी कमी जावी, कारण गाळ्याचा नफा पुष्कळदा त्या चिंधीतच असतो. त्याहून अवघड भाग असा, की डेनिम धुलाईत आटते, आणि प्रत्येक ताक्याची आट वेगळी असते. तेव्हा कापण्यापूर्वीच कापड हातात घेऊन, गरज वाटली तर तुकडा धुऊन पाहून, लांबीत किती सूट ठेवायची हे त्याला ठरवावे लागते, आणि दोन वेगळ्या लॉटचे ताके एकाच ‘ले’मध्ये मिसळले तर धुतल्यानंतर विजारीचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड होतो. पुढे ओव्हरलॉक, बारटॅक, काज-बटन आणि धागा कटिंग ही कामे पीस रेटवर, म्हणजे दर नगामागे ठरलेल्या मजुरीवर, वेगवेगळ्या हातांतून जातात. हे हात बहुधा उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेल्या कारागिरांचे असतात, आणि प्रत्येकजण कोणातरी उस्तादाच्या शेजारी बसून शिकलेला असतो. आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्येच इंग्लंडमधल्या अशा एकाच धंद्याच्या वस्त्यांचा विचार करताना म्हटले होते, की तिथे धंद्याची गुपिते गुपिते राहतच नाहीत, ती हवेत असतात आणि मुले नकळत शिकतात. हे शिक्षण त्या आकड्यात मोजले जात नाही, म्हणून ते नाही असे मानणे हा धोरणाचा आळस आहे. २०१५ नंतर ‘पूर्वशिक्षणाची मान्यता’ या नावाखाली अशा कारागिरांना थोडक्यात तपासून प्रमाणपत्र देण्याची योजना आली खरी, पण ज्या गाळ्यात मालक कारागिराला त्याच्या पहिल्या दिवसाच्या नगांवरून जोखतो, तिथे त्या कागदाला भाव येणे कठीणच होते.

एवढ्यावरून कारागिरी पुरेशी आहे, शाळा आणि प्रयोगशाळा यांवाचून चालेल, असा निष्कर्ष काढणे मात्र दुसऱ्या टोकाला जाणे होईल, आणि हा निष्कर्ष खोटा आहे हेही उल्हासनगरानेच दाखवून दिले. जीन्सच्या धंद्यात शिलाईनंतर वॉशिंग येते: कापड मऊ करणे, रंग उतरवणे, ब्लीच, एन्झाइम, कधी ज्वालामुखी दगडासोबत यंत्रात घुसळणे. हे काम शिवणकामासारखे पाहून शिकता येते, आणि तसेच ते शिकले गेले. किती पावडर टाकली की कोणता रंग निघतो, हे वॉशिंगवाल्याला पाठ असते. पण टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात काय आहे, त्याची आम्लता किती, त्यातील रसायने नदीतला प्राणवायू किती खाऊन टाकतील आणि ते पाणी पुन्हा वापरण्याजोगे करायला कोणती प्रक्रिया किती वेळ चालवावी लागेल, हे पाहून शिकता येत नाही. त्याला मोजावे लागते, नोंद ठेवावी लागते आणि नोंदीचा अर्थ लावणारा माणूस पगारावर ठेवावा लागतो. हा माणूस धंद्याच्या हवेत नव्हता. वालधुनी नदी रंगीत वाहू लागली, प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले, २०१५ मध्ये लवादाने या पट्ट्यातील स्थानिक स्वराज्य संस्थांना आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना मोठा दंड ठोठावला, आणि पुढच्या काही वर्षांत जीन्स धुण्याचे कारखाने बंद पाडण्यात आले. काही आसपासच्या ग्रामीण भागात सरकले आणि प्रश्नही सोबत घेऊन गेले.

याच धंद्याची, याच संकटाची दुसरी गोष्ट तमिळनाडूतील तिरुपूरची आहे. नोय्यल नदीच्या प्रदूषणावरून मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये तिथल्या रंगाई कारखान्यांना टाळे लावण्याचा आदेश दिला, तेव्हा निटवेअरच्या निर्यातीवर जगणारे सारे शहर हादरले होते. पण तिरुपूरने शासनाची आर्थिक मदत घेऊन सामायिक प्रक्रिया केंद्रे अशा रीतीने बदलली, की सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडता पाणी आणि मीठ पुन्हा वापरात यावे, आणि धंदा परत उभा राहिला. तिरुपूरचे कामगार उल्हासनगरच्या कामगारांपेक्षा जास्त शिकलेले होते, असे मानायला आधार नाही. फरक होता तो तिथल्या निर्यातदारांच्या संघटनेत, जिने त्याआधीच निटवेअरचे शिक्षण देणारी स्वतःची संस्था काढली होती, आणि परदेशी ग्राहकांत, जे लेखी मानके मागत आणि तपासत होते. उल्हासनगरचा ग्राहक दादर किंवा नागपूरचा किरकोळ दुकानदार होता. त्याला भाव हवा होता, प्रयोगशाळेचा दाखला नको होता. शिवाय उल्हासनगरच्या जमिनीच्या मालकीचा गुंता इतका जुना आहे, की तिथली अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी राज्य शासनाला २००६ मध्ये खास कायदा करावा लागला. ज्या गाळ्याची मालकीच धड कागदावर नाही, त्यात लाखो रुपयांचे प्रक्रिया यंत्र बसवायला ना मालक धजावतो, ना बँक कर्ज देते. कौशल्याचा अभाव म्हणून जो दिसतो तो पुष्कळदा अशा दुसऱ्याच अडचणीची सावली असतो.

अंबरनाथने याच्या अगदी उलट वाट धरली. धरमसी मोरारजीचा रासायनिक कारखाना आणि विमकोचा काडेपेटीचा कारखाना तिथे स्वातंत्र्यापूर्वीच उभे होते. स्वातंत्र्यानंतर आयुध कारखान्यासोबत १९५३ मध्ये मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी सुरू झाली, आणि संरक्षण उत्पादनासाठी लागणारे कसबी कामगार तयार करायला प्रशिक्षण शाळाही आली. फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे शब्द या गावात घराघरांत पोहोचले ते यामुळे. येथे कौशल्य राज्यसंस्थेने जाणीवपूर्वक, पगार देऊन, वर्षानुवर्षे तयार केले. मायक्रोमीटरने मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजणे, ड्रॉइंग वाचणे, नोंद ठेवणे या सवयी त्यात आल्या, म्हणजे नेमक्या त्या गोष्टी ज्या उल्हासनगरच्या हवेत नव्हत्या. दोन स्थानकांमध्ये अवघ्या काही मिनिटांचे अंतर असूनही हे कौशल्य एका गावातून दुसऱ्या गावात फारसे झिरपले नाही. कारण उघड आहे: सरकारी कारखान्यातला कुशल कामगार निवृत्तीपर्यंत तिथेच राहिला, त्याच्या मुलाने बहुधा यंत्रावर बसण्याऐवजी कचेरीतली नोकरी शोधली, आणि कारखान्याने आपली कामे बाहेरच्या छोट्या कार्यशाळांना देऊन त्यांना शिकवत नेण्याची रीत अपेक्षेइतकी पाडली नाही.

मग शिकवण्याचा खर्च कोणी करायचा? मानवी भांडवलाच्या सिद्धान्तात हा प्रश्न गॅरी बेकर यांनी १९६४ च्या ग्रंथात नेमका मांडला. जे कसब फक्त एकाच कारखान्यात उपयोगी पडते त्याचा खर्च मालक सोसतो. जे कुठेही चालते त्याचा खर्च तो सोसत नाही, कारण शिकलेला कामगार शेजारच्याकडे दोन रुपये जास्त मिळाले की निघून जातो. उल्हासनगरात शेजारचा गाळा भिंतीपलीकडे असतो. त्यामुळे प्रत्येक मालकाला कुशल कारागीर हवा असतो आणि शिकवायला कोणीच तयार नसतो. परिणामी शिकणारा मुलगा कमी मजुरीवर राबून स्वतःच आपल्या शिक्षणाचा खर्च भरतो, आणि जेवढे असे फुकटात शिकता येते तेवढेच कौशल्य गावात तयार होते. या कोंडीवर उपाय म्हणून ब्राझीलने १९४२ मध्ये उद्योगांवर वर्गणी बसवून त्यातून औद्योगिक प्रशिक्षणाची संस्था काढली. दक्षिण कोरियाने १९७६ च्या कायद्याने तीनशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना ‘शिकवा नाहीतर कर भरा’ असे बजावले. कोरियाचे ते ९६ टक्के केवळ शाळांमधून आलेले नाहीत, हे भारतातील धोरणकारांनी तो आकडा उद्धृत करताना लक्षात घेतलेले दिसत नाही. भारतात १९६१ पासून शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे, पण तो रजिस्टरवर कामगार असलेल्या कारखान्याला गृहीत धरतो, आणि ठेक्यावर, पीस रेटवर चालणारा गाळा त्याच्या जाळ्यातून अलगद निसटतो.

एका बाबतीत मात्र शिक्षण ही खरोखरच कठोर मर्यादा आहे, आणि ती पदवीच्या टोकाला नसून पायाशी आहे. एरिक हनुशेक आणि लुडगर वोसमन यांनी दाखवले, की देशाच्या वाढीशी शाळेत घालवलेल्या वर्षांपेक्षा मुलांना प्रत्यक्ष किती वाचता आणि गणित करता येते याचा संबंध कितीतरी घट्ट आहे. ‘प्रथम’ या संस्थेच्या असर पाहणीत २०२३ मध्ये ग्रामीण भारतातील १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी सुमारे एक चतुर्थांश मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर स्वतःच्या भाषेत सरळ वाचता आला नाही, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येणारी मुले निम्म्याहून कमी, ४३ टक्क्यांच्या आसपास, निघाली. हीच मुले पुढच्या पाच वर्षांत गाळ्यांवर, वॉशिंगच्या टाक्यांवर आणि अंबरनाथ-बदलापूरच्या रासायनिक कारखान्यांच्या रिअ‍ॅक्टरवर कंत्राटी म्हणून उभी राहतात. उस्ताद त्यांना शिलाई शिकवू शकतो. ड्रमवरचा धोक्याचा मजकूर वाचायला किंवा तीव्रतेचे प्रमाण काढायला तो शिकवू शकत नाही. हात चालवण्याचे कसब मोठेपणीही येते, भागाकार मात्र राहून गेला तर बहुधा राहूनच जातो.

तेव्हा कौशल्य वाढीला अडवते का, या प्रश्नाचे उत्तर वाढीच्या कोणत्या टप्प्याबद्दल तो विचारला आहे यावर अवलंबून आहे. आरंभी ते अडवत नाही. मागणी असली की कौशल्य तयार होते, आणि बराकीतल्या लोकांना कोणी प्रशिक्षण द्यायला आले नव्हते. अडथळा येतो तो नकलेकडून मानकाकडे, अंदाजाकडून मोजमापाकडे जाताना. आणि तिथेही अडते ते कौशल्य मिळत नाही म्हणून कमी, आणि ते विकत घेण्याची कोणाला गरज वाटत नाही म्हणून जास्त. ही गरज बाजार निर्माण करत नसेल तर नियम निर्माण करू शकतात, असे तिरुपूरच्या अनुभवावरून दिसते: सांडपाण्याचा नियम खरोखर आणि सातत्याने लावला गेला असता, तर उल्हासनगरच्या वॉशिंगवाल्यांना वीस वर्षांपूर्वीच रसायनशास्त्राच्या पदवीधराची गरज पडली असती, आणि तो मिळवायला फार लांब जावे लागले नसते, कारण कॅम्प तीनमध्ये सिंधी शिक्षणसंस्थेने १९६५ मध्ये काढलेल्या चांदीबाई महाविद्यालयातून विज्ञानाचे पदवीधर दरवर्षी बाहेर पडतच होते. ज्या समाजाने निर्वासित असताना महाविद्यालये उभारली, त्याच्या बाजार संघटनांना सामायिक प्रयोगशाळा उभारणे अशक्य नव्हते. पण नियम आधी अनेक वर्षे कागदावर राहिला, आणि मग एका आदेशाने टाळे घेऊन आला. दोन्ही अवस्थांत मोजमाप जाणणाऱ्या माणसाला कोणी कामावर ठेवले नाही, पहिल्या अवस्थेत त्याची गरज नव्हती म्हणून आणि दुसऱ्या अवस्थेत कारखानाच उरला नव्हता म्हणून.